घरी राहिलेल्याचे बारा दिवस

पत्र (थोडं कमी करून):

ताई,
आमच्या धर्मग्रामातून फादरांबरोबर आम्ही चव्वेचाळीस जण पवित्र भूमीच्या यात्रेला गेलो होतो. जॉर्डन, इस्रायल, इजिप्त, एकूण बारा दिवस. परत येऊन पाच आठवडे झाले, तरी मी घरी आलेय असं वाटत नाही. तिथे पहाटे चारला उठूनही थकवा नव्हता. गालीलच्या सरोवरात होडीचं इंजिन बंद करून फादरांनी शुभवर्तमान वाचलं तेव्हा मी ढसाढसा रडले. इथे रविवारच्या मिस्सेत माझं लक्ष पंख्याकडे.

माझे मिस्टर आले नाहीत. सासूबाई खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर आहेत, शिवाय वाडीत सोनचाफा. मी दारात पाऊल टाकलं तर म्हणाले, "झालं का देवाला भेटून? आईच्या गोळ्या संपल्यात." बस, एवढंच. त्यांच्यासाठी ऑलिव्हच्या लाकडाचा क्रूस आणला, तो अजून कपाटावर कागदातच आहे. काना गावची वाइन आणली (तिथल्या चर्चमध्ये जोडप्यांनी लग्नाची वचनं पुन्हा घेतली, मी सगळ्यांच्या पर्स सांभाळत उभी होते), तीही फ्रीजवर धूळ खातेय. सासूबाई रोज संध्याकाळी विचारतात, "तू खरंच जेरुसलेमला गेलेलीस?" रोज तेच सांगून कंटाळा येतो. ग्रुपवर आता फक्त गुड मॉर्निंग येतात. टूरवाल्यांनी फातिमा-लूर्दच्या यात्रेचं कळवलंय, या महिन्यात पैसे भरले तर सवलत आहे. वाटतं, पुन्हा निघावं. माझी श्रद्धा फक्त प्रवासातच जागी होते का?
एक वसईकर भगिनी, वय ५४

उत्तर:

प्रिय भगिनी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते घाईत वाचलं आणि मनात उत्तरही तयार केलं. यात्रेनंतर असं होतंच, रोज दहा मिनिटं बायबल वाचा, वगैरे. रात्री पुन्हा वाचायला घेतलं आणि कंसापाशी अडखळले. "मी सगळ्यांच्या पर्स सांभाळत उभी होते." चार पानी पत्रात ही गोष्ट तुम्ही कंसात टाकलीत. त्या पर्सकडे मी परत येणार आहे. आधी सोपं ते उरकू.

श्रद्धा प्रवासातच जागी होते का? नाही. पण तिथल्या आनंदात काय काय मिसळलेलं होतं ते एकदा निवडून बघा, तांदूळ निवडतो तसं. सरोवरावर डोळे भरून आले ते खरंच होतं, त्यावर कुणी शंका घेऊ नये, तुम्हीही घेऊ नये. पण त्याच बारा दिवसांत तुम्ही एकदाही कुकर लावला नाहीत. आज भाजी काय, हे कुणी विचारलं नाही. सकाळी खाली उतरलं की अंडी, पाव, दही, ऑलिव्ह मांडून ठेवलेले. संध्याकाळी खोलीत शिरावं तर चादर बदललेली. बॅग दाराबाहेर ठेवली की ती आपली आपण बसमध्ये. फादर तुम्हाला नावाने हाक मारत होते, कारण त्यांच्यासमोर चव्वेचाळीस माणसं होती. इथे रविवारी त्यांच्यासमोर अख्खं चर्च भरलेलं असतं आणि मिस्सेनंतर ऑफिसबाहेर दाखल्यांसाठी रांग. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्या बाईच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा सलग बारा दिवस कुणीतरी आयतं ताट दिलं. त्या सुखाला भक्ती म्हणायचं कारण नाही, आणि त्याची लाज वाटून घ्यायचंही कारण नाही. ती विश्रांती होती. तुम्हाला ती अजूनही हवी आहे. पण दर वेळी तिच्यासाठी पासपोर्ट काढावा लागू नये, एवढं बघू.

थकवा नव्हता म्हणता. होता हो, तो उशिरा पोचला. सीमेवरच्या रांगा, सिनायच्या वाळवंटातली तासन्‌तास बस, जुन्या यरुशलेमच्या झिजून गुळगुळीत झालेल्या पायऱ्या, या सगळ्याचा हिशेब गुडघे ठेवतात आणि घरी आल्यावर मागतात. चिडचिड, अर्धवट झोप, मिस्सेत पंख्याकडे बघणं, यातलं बरंच काही शरीराचं असतं. अजून दोन आठवड्यांनीही असंच वाटलं तर रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. गंमत करत नाही. आपल्याकडच्या बायका अध्यात्मिक कोरडेपणावर वर्षभर बोलतील, पण रक्त तपासायला जाणार नाहीत.

ताबोर डोंगरावर तुम्हाला नेलं असेलच. मोठी बस वर जात नाही, वळणं फार, म्हणून खाली उतरवून छोट्या गाड्यांत बसवतात. त्या डोंगरावर येशूचं रूपांतर झालं, तो तेजाने उजळला, शेजारी मोशे आणि एलीया दिसले, आणि त्याचा शिष्य पेत्र म्हणाला, आपण इथे तिघांसाठी तीन मंडप बांधू. त्याला खाली उतरायचंच नव्हतं. (१९२४ साली वर जी बॅसिलिका उभी राहिली तिच्यात मोशे आणि एलीया यांचीही वेगळी चॅपेल्स आहेत. म्हणजे पेत्राचा हट्ट शेवटी पुरवला गेला म्हणायचा.) पण शुभवर्तमानात ते खाली उतरतात. आणि पायथ्याशी काय वाढून ठेवलेलं असतं? फेफरं येणारा मुलगा, त्याचा रडकुंडीला आलेला बाप, आणि मागे राहिलेले शिष्य शास्त्र्यांशी हुज्जत घालताहेत. कुणी विचारत नाही की वर काय पाहिलंत.

"आईच्या गोळ्या संपल्यात" हे मला त्यातलंच वाटलं.

तुमच्या मिस्टरांनी दारात दोन वाक्यं म्हटली. तुम्हाला लागलं पहिलं. ते टोचून बोलणं होतं आणि त्याची बाजू मी घेणार नाही. बायको बारा दिवसांनी दारात उभी असताना "ये, बस, पाणी घे" म्हणायला पैसे पडत नाहीत. पण दुसरं वाक्य म्हणजे बातमी होती. कुठल्या गोळ्या? कधी संपल्या? आणायला ते का गेले नाहीत? म्हातारीला एकटं टाकून दुकानापर्यंत जाता येत नव्हतं म्हणून तर नाही? तुमच्या चार पानांत याचं उत्तर कुठेच नाही. तुम्ही विचारलंच नसावं असा माझा संशय आहे.

संशय घ्यायचा मला अधिकार आहे, कारण मीही विचारलं नव्हतं. १९९६ साली मी पहिल्यांदा घर सोडून वेलंकनीला, तमिळनाडूतल्या मातेच्या तीर्थाला, गेले. धाकटा चार वर्षांचा, त्याला जावेच्या पदरात टाकलं. रेल्वेच्या डब्यात दोन रात्री गाणी आणि रोझरी, कुणाच्या डब्यातली चपाती, कुणाचं सुकट. तिथे वाळूच्या वाटेवर गुडघ्यांवर चालत निघालेली माणसं, मुंडण केलेली पोरं, हातभर लांब मेणबत्त्या. परत आले ती तोंडाला खीळ नाही. चार दिवस मी जावेला सांगत होते, कोण रडलं, कुणाला काय अनुभव आला. पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "इथे काय झालं ते विचारणार आहेस का कधी?" मग पिठाचे हात पुसून तिने पोराला जवळ ओढलं आणि त्याचे केस बाजूला करून दाखवले. तीन टाके. पायरीवरून पडला होता. एसटीडी बूथवरून मी फोन करायचे तेव्हा ती "सगळं बरंय" म्हणायची, माझी यात्रा नासू नये म्हणून. मी आल्यावरही चार दिवस "डोकं नको भिजवूस त्याचं, सर्दी आहे" सांगत राहिली, आणि मी मान डोलावून पुन्हा वेलंकनीच्या गोष्टी सुरू करत होते.

वेलंकनीची पहिली कथा तुम्हाला ठाऊक असेल. नागपट्टणला मालकाकडे दूध पोचवायला निघालेला पोरगा तळ्याकाठी वडाच्या सावलीत विसावतो. कडेवर बाळ घेतलेली एक बाई येते आणि बाळासाठी दूध मागते, तो देतो. मग उशीर झाला, दूधही कमी भरणार, म्हणून घाबरत मालकाच्या दारात उभा राहतो. झाकण काढतात तर भांडं भरून वाहतंय. तळ्यापाशी त्याच्या लेखी नुसती एक बाई भेटली होती. काय घडलं ते मालकाच्या दारात कळलं. लहानपणापासून ऐकलेली कथा, पण पोराचे टाके बघेपर्यंत ती मला कळली नव्हती. मी माझ्या भांड्यातून घरी काय आणलं होतं? तेलाची एक बाटली आणि चार दिवसांची बडबड.

तर सल्ला एवढाच. तुमची यात्रा सांगण्याआधी त्यांचे बारा दिवस विचारा.

समोर बसवून "सांगा बघू" असं नको, माणूस बिचकेल. गोळ्यांपासून सुरुवात करा. मग चाफा. सोनचाफा कुणाच्या यात्रेसाठी थांबत नाही. नीट उमलायच्या आत काढावा लागतो, पाकिटं भरून पहाटेच्या लोकलने दादर गाठावं लागतं. ते दादरला जात असतील तर त्या वेळात आईंजवळ कोण होतं? जात नसतील तर फुलं कुणाच्या हाती पाठवली, की बारा दिवस झाडावरच सोडून दिली? रात्री आईंना कुशीवर कोण वळवत होतं? त्यांचं अंग पुसणं, कपडे बदलणं? मुलाने आईचं हे करणं, यावर आपल्या गावांत अजून कुणी मोकळं बोलत नाही. त्यांनी ते स्वतः केलं असेल किंवा शेजारणीपुढे हात जोडले असतील. काहीही केलेलं असो, ते बोलून दाखवावं असं त्यांना जगात एकच माणूस आहे, कारण एरवी ते काम रोज तीच करते.

आणि जमलं तर विचारत बसू नका, बरोबर जा. तिथे चारला उठत होतात ना? मग एखाद्या दिवशी इथेही उठा. वाडी घराला लागून असेल तर आईंना जाग यायच्या आत त्यांच्याबरोबर टोपली घेऊन निघा. अंधारात, हात कामात असताना पुरुष बोलतात, हे मी चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगते. नाही बोलले तरी बिघडत नाही. इंजिन बंद केल्यावर होडीत जी शांतता मिळाली होती, तसलीच चाफ्याखाली पहाटे असते आणि तिला सवलतीची मुदत नसते. प्रार्थना तिथे जमते का बघा. मिस्सेतल्या पंख्याची हमी मी देत नाही.

आता सासूबाई. गालीलच्या काठी कफर्णहूमला तुम्ही पेत्राचं घर पाहिलं असणारच. म्हणजे काळ्या दगडांच्या पडक्या भिंती, आणि वर १९९० साली खांबांवर उचलून धरल्यासारखं बांधलेलं अष्टकोनी चर्च; आत मध्यभागी काच, काचेतून खाली घर दिसतं. समोरच ज्यूंच्या सभास्थानाचे पांढरे खांब. दोन्हींत काही पावलांचं अंतर. शुभवर्तमानात मार्क लिहितो की सभास्थानातून निघून येशू आणि शिष्य थेट त्या घरी आले आणि तिथे शिमोनाची, म्हणजे पेत्राचीच, सासू तापाने पडली होती. येशूने तिचा हात धरून तिला उठवलं, ताप गेला आणि ती त्यांची सेवा करू लागली. (या ओळीला आमच्या महिला मंडळात दर वेळी हशा पिकतो. ताप उतरला रे उतरला की बाई वाढायला उभी!) तुमच्या पत्रात कफर्णहूमचा उल्लेखसुद्धा नाही. एवढ्या मोठ्या यात्रेत सासूच्या आजारपणाची म्हणून एकच जागा आहे आणि तुम्ही त्या काचेपाशी वाकून बघून आलात, बहुधा फोटोही काढलात.

तुमची तक्रार अशी की तुमचं कुणी ऐकत नाही. ग्रुप गप्प, मिस्टर गप्प, शेजारणींनी यार्देन नदीचं पाणी घेतलं आणि फोटो चार सरकवून परत दिले. खरंय, दुसऱ्याच्या यात्रेचे फोटो कुणीच दोनदा बघत नाही. पण तुमच्या घरात एक बाई आहे जी रोज संध्याकाळी, काल ऐकलेलं विसरून, नव्या कुतूहलाने विचारते की तू खरंच जेरुसलेमला गेलेलीस? अहो, असा श्रोता मोठमोठ्या वक्त्यांना मिळत नाही! तुम्ही तिला रोज अख्खी यात्रा पहिल्यापासून सांगता म्हणून कंटाळता. एका संध्याकाळी एकच जागा सांगा. सोमवारी नुसतं बेथलेहेमचं ते ठेंगणं दार, आत जायला प्रत्येकाला वाकावं लागतं ते. मंगळवारी मृत समुद्र, ज्यात बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही. एक दिवस तो कागदातला क्रूस सोडवून त्यांच्या हातात द्या, लाकडाचा वास घेऊ द्या. त्यांनीही आयुष्यभर क्रूसाची वाट, येशूच्या शेवटच्या वाटेची प्रार्थना, म्हटली आहे, तिची चौदाही स्थानं पाठ असतील, आणि ती वाट जिथली ती गल्ली त्यांना कधीच बघायला मिळाली नाही. तिथे आता दोन्ही बाजूंना मसाल्याची आणि चपलांची दुकानं आहेत हे ऐकून त्या काय म्हणतात ते मला जरूर कळवा.

फातिमा-लूर्दचे पैसे या महिन्यात भरू नका. लूर्दला मरियामाता १८५८ साली प्रकटली, फातिमाला १९१७ साली. त्या जागा कुठे पळून जात नाहीत, संपतेय ती टूरवाल्याची सवलत. जाऊच नका असं मी म्हणत नाही. पण पुढची पाळी मिस्टरांची. त्यांना लांबचं नको असेल तर चार दिवस वेलंकनीला जाऊ द्या, आणि तुम्ही घरी राहा, गोळ्या आणि चाफा सांभाळत. नाहीच म्हणाले, तर परदेश यात्रेला बाजूला काढलेल्या रकमेत आईंसाठी दिवसाची बाई बरेच महिने ठेवता येते. विश्रांतीची सोय म्हणाले होते ती ही. आठवड्यातून दोन दुपारी जरी तुम्ही मोकळ्या झालात, तरी अंगातला निम्मा राग उतरेल.

ग्रुपवर "मिस यू ऑल" पाठवण्याऐवजी एकदा विचारून बघा: गुरुवारी दुपारी तीन ते सहा सासूबाईंजवळ कुणी बसू शकेल का? बारा दिवस एकमेकांच्या बॅगा उचलल्या, उलटीच्या गोळ्या वाटून घेतल्या, त्यातल्या एकदोघी तरी पुढे येतील. कुणीच आलं नाही तर तेही कळलेलं बरं, पुन्हा त्याच मंडळींबरोबर बसमध्ये बसण्याआधी.

राहिल्या पर्स.

मला ते चित्र स्पष्ट दिसतं. काना गावचं चर्च, जोडपी हात हातात घेऊन उभी, कुणी लाजतंय, कुणाचं मोबाइलवर चित्रण चाललंय, आणि एका बाजूला तुम्ही, दोन्ही खांद्यांवर चार-चार पर्स. कुणीतरी "तुझं बरंय, तू मोकळी आहेस, जरा धर" म्हणालं असेल. तिथून तुम्ही वाइनची बाटली विकत घेतलीत. एकट्याने प्यायला तर नक्कीच नाही.

काना गावच्या ज्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, त्या लग्नात सहा दगडी रांजण होते, एकेकात ऐंशी ते एकशेवीस लिटर पाणी मावेल एवढे. नळ नव्हता, ते पाणी कुणीतरी विहिरीवरून आणून काठोकाठ भरलं. आणि शुभवर्तमानात योहान एक गोष्ट मुद्दाम लिहितो, भोजनकारभाऱ्याला तो द्राक्षारस कुठून आला ते कळलं नाही, पण पाणी काढणाऱ्या नोकरांना ठाऊक होतं. तुम्ही तिथे पर्स धरून उभ्या होतात त्या घटकेला तुमचे मिस्टर वसईत पाणीच भरत होते. वचनं म्हणणाऱ्यांच्या रांगेत तुम्ही दोघंही नव्हतात.

बाटली फ्रीजवरून काढा, पुसा, आणि तासभर फ्रीजच्या आत ठेवा. तिथली वाइन बरीच गोड असते, गार बरी लागते. क्रूस कुठे लावायचा ते त्यांनाच विचारा आणि खिळाही त्यांनाच ठोकू द्या. वचनं, काना, देव, यातलं काही बोलू नका. आई झोपल्या की दोन पेले घ्या आणि विचारा, त्या बारा दिवसांतली सगळ्यात वाईट रात्र कुठली होती. आधी ते "काही विशेष नाही" म्हणतील. लगेच तुमचं सुरू करू नका, थांबा जरा. आणि हे करायच्या आधी आईंच्या गोळ्या मोजून ठेवा, किती उरल्यात त्या.